रीतीचे मार्क

कॉम्प्युटरवरच्या खेळांविषयी निवृत्त गणित शिक्षकाने लिहू नये, असा शासनाचा जी. आर. निघाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. निघाला असलाच तर तो आमच्या शिरूर कासारपर्यंत पोचायला अजून अवधी आहे. तेवढ्यात मी माझं म्हणणं मांडून मोकळा होतो.

म्हणणं असं, की 'इमर्सिव्ह सिम' नावाचा खेळांचा जो एक प्रकार आहे, त्याच्यावर गेली तीस-बत्तीस वर्षं धडधडीत अन्याय चालू आहे. यातले निम्मे खेळ आले कधी आणि गेले कधी हे लोकांना कळलंच नाही. ते करणाऱ्या कंपन्यांना टाळी लागली. आणि मग दहा वर्षांनी तीच मंडळी हळहळायला मोकळी, "काय खेळ होता हो!" जिवंतपणी विचारपूस करायची नाही आणि तेराव्याला मात्र पंगतीला आधी बसायचं, ही रीत सातासमुद्रापलीकडेही आहे, एवढंच त्यातल्या त्यात समाधान.

नावातच अर्धा घात आहे. आमचे शेजारी तात्या हे निवृत्त तलाठी. त्यांना मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, की सध्या मी इमर्सिव्ह सिममध्ये रमलोय. तात्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "कोणत्या कंपनीचं सिम? आपल्याकडे रेंज आहे का त्याला?" वॉरन स्पेक्टर या गृहस्थांनी २००० साली आपल्या 'डेअस एक्स' या खेळाविषयी लिहिताना हा शब्द वापरला आणि तेव्हापासून तो या खेळांच्या मानगुटीवर बसला. मराठीत त्याला काय म्हणावं? एखादी समिती बसवली तर 'निमग्न सादृश्य क्रीडा' असं काहीतरी काढील आणि उरलेसुरले खेळणारेही पळून जातील. त्यापेक्षा मी माझ्या धंद्यातला शब्द वापरतो. हे रीतीचे खेळ.

पाच मार्कांचं गणित असलं, की त्यात उत्तराला एक आणि रीतीला चार, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. नेहमीच्या खेळात उत्तराला पाच मार्क असतात. समोर कुलूपबंद दार आहे, किल्ली अमक्या राक्षसाच्या कमरेला आहे, राक्षस मारा, किल्ली आणा, दार उघडा, टाळ्या. रीतीच्या खेळात दार तेच, पण पुढचं तुमच्यावर. कुलूप तारेने उघडा. नाहीतर कुठल्याशा कारकुनाच्या टेबलावरचं पत्र वाचा, त्यात त्या बिचाऱ्याने क्रमांक लिहून ठेवलेला असतो. खोकी एकावर एक रचून झरोक्यातून आत शिरा. दार सुरुंगाने उडवा. किंवा पहारेकरी स्वतःच बाहेर येईपर्यंत कोपऱ्यात गप्प उभे राहा. 'डेअस एक्स'मध्ये तर खेळणाऱ्यांनी असा शोध लावला, की भिंतीला चिकटणारे सुरुंग एकावर एक लावायचे आणि त्यांचीच शिडी करून वर चढायचं. हे करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण त्यांनी सुरुंग टणक केला होता, भिंतीला चिकटणारा केला होता आणि टणक वस्तूवर माणूस उभा राहू शकतो हा नियम ठेवला होता. नियम खरे असले, की उत्तरं आपोआप जास्तीची निघतात. हे मी छत्तीस वर्षं नववी-दहावीच्या पोरांना सांगत आलो. त्यांना ते या खेळात दिसतं आणि फळ्यावर दिसत नाही, त्याला मी काय करू?

खरं म्हणजे आमच्या भागातला कुठलाही माणूस जन्मापासून हेच खेळत असतो. एखाद्या कचेरीत साधा दाखला काढायला जा. दार उघडं असतं, पण साहेब नसतात. साहेब असतात तेव्हा शिक्का नसतो. मग माणूस समोरच्या टपरीवर चहा पीत बसतो, शिपाई कोणत्या गावचा ते काढतो, त्याच्या चुलत्याशी आपली सोयरीक निघते आणि संध्याकाळी दाखला हातात पडतो. यात राक्षस कुणीही मारलेला नसतो. 

मला या नादाला लावलं ते माझ्या भाच्याने. तो पुण्याला संगणकाच्याच नोकरीत. नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना आमच्याकडे आणून लावून दिला, म्हणाला, "मामा, निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणतात." यावर आमची ही आतून म्हणाली, "वेळ जायला माझ्याकडे पुष्कळ कामं आहेत, त्यांना विचार की." पण तोवर माझी जमीन आणि पायरव यांचा अभ्यास सुरू झाला होता.

म्हणजे 'थीफ'. १९९८ सालचा. यात तुम्ही चोर. तलवार आहे, पण दोन पहारेकरी अंगावर आले की तुमचा निकाल लागलाच. तेव्हा अंधारातून जायचं. पडद्याच्या तळाशी एक खडा असतो, उजेडात तो चमकतो आणि काळोखात विझतो. त्यावरून आपण दिसतोय की नाही ते कळतं. फरशीवर पाऊल वाजतं, गालिच्यावर वाजत नाही. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची, शेवाळाचा बाण मारून फरशी मऊ करायची. सर्वांत कठीण पातळीवर माणूस मारला तर डाव बाद. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हा खेळ अवघड जातो, कारण तिकडे अंधार मिळत नाही. आमच्याकडची पिढी भारनियमनाने घडवलेली. अंधारात देवळीतली काडेपेटी, फळीवरचा कंदील आणि उंबऱ्यावर झोपलेलं मांजर यांचा नकाशा आमच्या पायांच्या तळव्यांत असतो. मी पहिलाच वाडा कुणाच्याही नजरेला न पडता पार केला तेव्हा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही आधी काय करत होता?"

आता हा 'थीफ' ज्या नोव्हेंबरअखेर बाजारात आला, त्याच महिन्यात 'हाफ-लाइफ' आला. सगळं जग तिकडे धावलं. 'हाफ-लाइफ' वाईट आहे असं मी म्हणणार नाही, झकास आहे. पण ती आगगाडी आहे. रूळ घातलेत, बसा, खिडकीतून गंमत बघा. 'थीफ' म्हणजे चालत पंढरपूर. दोन्हींत पोचायचं असतंच, पण गाडीतल्या माणसाने वारकऱ्याला "फार वेळ घेता बुवा तुम्ही" म्हणावं, याला काय अर्थ आहे?

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. मार्च १९९२ मध्ये 'अल्टिमा अंडरवर्ल्ड' आला. त्यात जमीन चढ-उताराची होती, वर-खाली बघता येत होतं, पोहता येत होतं, आतल्या मंडळींशी बोलून मारामारी टाळता येत होती. दोन महिन्यांनी 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' आला. सपाट जमीन, काटकोनी भिंती, वर बघायची सोय नाही, गोळ्या मात्र भरपूर. इतिहासात नाव कोणाचं? अर्थात काटकोनाचं. याला एक व्यवहारी कारणही होतं, ते मी लपवत नाही. वुल्फेन्स्टाइनचा पहिला भाग फुकट वाटला होता आणि तो साध्या यंत्रावर पळायचा. अंडरवर्ल्डला त्या काळी श्रीमंताघरचं यंत्र लागायचं. फुकटच्या चिवड्यापुढे विकतचं ताट हरतं, हे मान्य. पण मग चिवड्यालाच पक्वान्न म्हणायचं नाही, एवढंच माझं मागणं आहे.

१९९४ सालच्या 'सिस्टिम शॉक'चीही तीच गत. अवकाशातलं एक स्थानक, माणसं संपलेली आणि शोडान नावाची यंत्रबाई तुम्हाला किडा म्हणून हिणवतेय. पण खेळायला इतकी बटणं, की दोन्ही हातांना मिळून वीस बोटं हवी होती. लोक आधीच 'डूम'वर खूष होते. दोन बोटांत काम होत होतं. १९९९ ला 'सिस्टिम शॉक २' आला, परीक्षकांनी डोक्यावर घेतला, गिऱ्हाइकांनी खांद्यावरही घेतला नाही. हे सारे खेळ ज्यांनी केले किंवा ज्यांचा त्यांत हात होता, ती 'लुकिंग ग्लास' नावाची मंडळी मे २००० मध्ये दुकान बंद करून घरी गेली. पुढच्याच महिन्यात त्यांचेच जुने सोबती असलेल्या स्पेक्टरांचा 'डेअस एक्स' आला आणि गाजला. मांडव घालणाऱ्याने तालीम करून जीव टाकावा आणि नाटक दुसऱ्याच कंपनीत हाऊसफुल्ल व्हावं, तसं झालं.

या घराण्याची एक खूण मात्र मला फार आवडते. लुकिंग ग्लासच्या कचेरीच्या दाराचा क्रमांक ४५१ होता. तोच त्यांनी 'सिस्टिम शॉक'मधल्या पहिल्या दाराला दिला. पुढे 'डेअस एक्स', 'बायोशॉक', 'डिसऑनर्ड', 'प्रे' या सगळ्यांत कुठल्या ना कुठल्या कुलपाला हाच क्रमांक लागतो, कधी पुढे शून्य लावून. घर गेलं, पण आजोबांच्या कडीकोयंड्याची आठवण नातवंडं ठेवून आहेत. 

असे खेळ मागे का पडतात, याची जी कारणं विद्वान लोक सांगतात त्यांत पहिलं म्हणजे 'चुकीच्या वेळी आला'. यात तथ्य आहे. २००४ साली 'व्हँपायर: द मास्करेड, ब्लडलाइन्स' हा खेळ आला. हा सख्खा नव्हे, पण चुलत घराण्यातला. त्याने 'हाफ-लाइफ २' चं यंत्र उसनं घेतलं होतं आणि अट अशी, की मालकाच्या आधी बाजारात यायचं नाही. म्हणून तो आला त्याच दिवशी! १६ नोव्हेंबरला! सावकाराच्या घरच्या लग्नाच्या मुहूर्तावर कुळाने आपल्या पोरीचं लग्न धरावं आणि वर वऱ्हाडी का आले नाहीत म्हणून विचारावं. तीन महिन्यांत त्या कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. खेळ अर्धाकच्चा होता; तो पुढे वर्षानुवर्षं चाहत्यांनी फुकट डागडुजी करून उभा ठेवला, जशी पडकी देवळं गावकरी वर्गणी काढून ठेवतात.

दुसरं कारण नावाचं. ते शिरूर कासारच्या माणसाइतकं कोण समजून घेणार? महाराष्ट्रात शिरूर किती आहेत ते मोजायला बसू नका. पुणे जिल्ह्यातलं घोडनदीचं शिरूर सर्वांना माहीत, लातूरकडे शिरूर अनंतपाळ आहे, आणि सिंदफणेच्या काठी आम्ही, शिरूर कासार. आमच्याही गावाला तालुक्याचा मान आहे. पण पुण्याच्या स्टँडवर "शिरूर" म्हणालात की तुम्हाला घोडनदीचं तिकीट मिळतं. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाला पुण्याचे एक व्याही बरोबर वेळेवर शिरूरला उतरले, आहेर घेऊन. फक्त ते शिरूर आमचं नव्हतं. अक्षता पडल्या तेव्हा ते नगरच्याही अलीकडे होते आणि आमच्याकडे त्यांच्या नावाने बोटं मोडणं चालू होतं.

'प्रे'चं नेमकं हेच झालं. २००६ साली 'प्रे' नावाचा एक निराळाच खेळ येऊन गेला होता. त्याचा दुसरा भाग जाहीर होऊन रद्द झाला. २०१७ साली आर्केन कंपनीच्या ऑस्टिनच्या शाखेने एक स्वतंत्र, नवा, अवकाश-स्थानकातला खेळ केला आणि मालकांनी त्याला नाव दिलं 'प्रे'. करणाऱ्यांचे प्रमुख राफाएल कोलांतोनिओ यांनी पुढे उघडच सांगितलं, की आम्हाला हे नाव नको होतं, ते आमच्यावर लादलं गेलं. ज्यांना जुना हवा होता ते म्हणाले, हा तो नव्हे. ज्यांना जुना नको होता ते म्हणाले, हा तोच दिसतोय. आहेर घोडनदीलाच राहिला.

आणि काय खेळ आहे हो! तळोस-१ नावाचं स्थानक. तिथे असे प्राणी, जे खुर्ची होतात, कचऱ्याची टोपली होतात, चहाचा कप होतात. टेबलावर दोन सारखे कप दिसले की अंगावर काटा येतो. (हे वाचून आमच्या हिने पाहुणे आल्यावर कपांचा जोड मोजणं सोडलेलं नाही, पण मी मोजायला लागलो.) पुढे तुम्हालाही कप होता येतं. कप होऊन गजांच्या फटीतून घरंगळत पलीकडे जायचं! फेस उडवणारी एक बंदूक मिळते. तो फेस थिजतो, मग त्याच्या पायऱ्या करून भिंत चढा, आग विझवा, शत्रूला जागच्या जागी गोठवा. स्पंजचे बाण सोडणारं एक खेळण्यातलं धनुष्य आहे. त्याने मुंगीही मरत नाही. पण खिडकीच्या फटीतून तो बाण आतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मारला की बटण दाबलं जातं आणि दार उघडतं. माझ्या वर्गात अशी रीत एखाद्या पोराने लिहिली असती तर मी ते उत्तर मुख्याध्यापकांना नेऊन दाखवलं असतं.

आता परीक्षकांकडे वळतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. या खेळाच्या वेळी मालकांचं धोरण असं होतं, की परीक्षकांच्या हातात खेळ एक दिवस आधी ठेवायचा. एक दिवस! तीन तासांच्या पेपरातली उत्तरपत्रिका तीन मिनिटांत तपासावी तसं. 'आयजीएन'सारख्या मोठ्या ठिकाणी कॉम्प्युटरवरच्या 'प्रे'ला दहापैकी चार मिळाले, कारण तपासणाऱ्याने साठवलेला खेळ एका दोषामुळे वाया गेला. दोष दुरुस्त झाला, मग चाराचे आठ झाले. पुनर्मूल्यांकनात दुप्पट! आमच्या बोर्डात असं झालं असतं तर पालकांनी मोर्चा काढला असता. पण पहिल्या निकालाला पेढे वाटले जातात, दुसऱ्याला कोण विचारतो? तो चार आकडा गावभर फिरून आलेला असतो.

मी मॉडरेटर म्हणून पेपर तपासणीला बसलेला माणूस आहे. तपासणाऱ्याचं दुःख मला ठाऊक आहे. गठ्ठा मोठा, भत्ता लहान, उकाडा. त्यात एखाद्या पोराने गाइडातली रीत सोडून भलत्याच वाटेने उत्तर काढलं, की तपासणारा कंटाळतो. ते वाचायचं, समजून घ्यायचं, बरोबर आहे की नाही ते स्वतः करून बघायचं. त्यापेक्षा एक आडवी रेघ सोपी. खेळांचं परीक्षण करणाऱ्यांना या आडव्या रेघेचा मोह होतो, हा माझा आरोप आहे. रीतीचा खेळ पहिल्या दोन तासांत ओळखू येत नाही. पहिल्या दोन तासांत तो बेंगरूळ, संथ आणि गोंधळलेला दिसतो. त्याची जाहिरात करणाराही मग त्यातल्या गोळीबाराचीच चित्रं दाखवतो, कारण कप होऊन घरंगळणं चित्रात दिसायला बावळट दिसतं. ती जाहिरात बघून गोळीबारवाले येतात, त्यांना गोळ्या कमी पडतात, ते शिव्या देऊन जातात. ज्यांना घरंगळायचं असतं त्यांना पत्ताच लागत नाही.

आमचे चाहतेही कमी नाहीत. ज्यांनी चार नवी माणसं ओढून आणायची, ते रात्र-रात्र वाद घालतात, की कोणता खेळ खरा इमर्सिव्ह सिम आणि कोणता बाटलेला. २००७ चा 'बायोशॉक' तुफान खपला, लगेच त्याला पंक्तीतून उठवलं. माझं त्याच्याविषयी मत असं, की समुद्राखालचं ते शहर डोळे दिपवणारं आहे, रीत मात्र गाइडातली. पण म्हणून उठवायचं? ज्याने घरात पहिल्यांदा चार पैसे आणले त्यालाच सोवळ्याला शिवू द्यायचं नाही! आणि तिकडे निन्टेन्डोच्या 'झेल्डा'मध्ये २०१७ पासून गवत पेटवून, त्या उष्ण वाऱ्यावर छत्री धरून उडता येतं, विजेच्या पावसात लोखंडी तलवार शत्रूच्या अंगावर फेकून वीज पाडता येते. म्हणजे रीतच रीत! २०२३ सालचा त्याचा पुढचा भाग तीन दिवसांत एक कोटी खपला. त्याला कुणी इमर्सिव्ह सिम म्हणालं नाही, म्हणून खपला, असं भाचा म्हणतो. मी म्हणतो, मग मागणी नाही हे कशावरून? लोकांना रीत हवी आहे. तिची ताटली वाढणारा हवा.

मला सगळ्यांत चुटपूट लागते ती 'आर्क्स फेटॅलिस'ची. २००२ साली फ्रान्सच्या लियॉं शहरातल्या त्याच आर्केनच्या पोरांनी केलेला पहिला खेळ. सूर्य विझलाय, माणसं जमिनीखाली राहायला गेलीत. मंत्र म्हणायचा तर हवेत अक्षर गिरवावं लागतं, अक्षर वाकडं आलं तर मंत्र फसतो. म्हणजे शुद्धलेखनाला जीवन-मरणाचं महत्त्व देणारा जगातला एकमेव खेळ! आणि त्यात पिठात पाणी घालून गोळा करता येतो, तो विस्तवावर धरला की भाकरी होते. कुणी सांगितलेलं नसतं. पीठ आहे, पाणी आहे, विस्तव आहे, तर भाकरी व्हायलाच पाहिजे, या हिशेबाने ती होते. मी ही गोष्ट मोठ्या कौतुकाने आत जाऊन सांगितली. "खेळात भाकरी करता?" ही म्हणाली आणि परातीकडे बोट दाखवलं. पुढचा संवाद या लेखाच्या विषयाबाहेरचा आहे. पण त्याच वर्षी 'मॉरोविंड' नावाचं मोठं प्रस्थ आलं आणि आमची भाकरी तव्यावरच राहिली.

आपल्याकडे काय वेगळं आहे म्हणा. आट्यापाट्या घ्या. कबड्डीला २०१४ ला प्रो लीग मिळाली, खो-खोला २०२२ ला मिळाली. दोन्ही खेळांचं मी मनापासून अभिनंदन करतो. आट्यापाट्यांत पाट्या, मधला सूर, आणि हुलकावण्या देत कुठल्या बाजूने निसटायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. सगळी रीतच. पण टीव्हीवर दाखवायला अवघड, आकडा पटकन कळत नाही, तेव्हा मैदान राहिलं तसंच आणि पाट्या पुसल्या गेल्या. पुण्याच्या एका लहान कंपनीने 'राजी' नावाचा देखणा खेळ केला, २०२० साली. त्याच्यासाठी लोकांकडे वर्गणी मागितली तेव्हा ती पुरी झाली नव्हती. तो रीतीचा खेळ नव्हे, सरळ तलवारबाजीचा आहे, तरी ही दशा. मग एखाद्याने मराठी लग्नमांडवावर इमर्सिव्ह सिम करतो म्हटलं तर त्याला कोण उभं करणार? वास्तविक विषय काय नामी आहे! ध्येय एकच, पहिल्या पंगतीत जागा. नवरदेवाचे जोडे लपवा, आचाऱ्याशी संधान बांधा, मुलीकडचे आहोत असं मुलाकडच्यांना आणि मुलाकडचे आहोत असं मुलीकडच्यांना सांगा, किंवा सरळ वाढप्याची बादली उचला.

तात्यांचं सांगायचं राहिलं. 'डेअस एक्स'चा पहिला डाव न्यूयॉर्कच्या त्या पुतळ्याच्या बेटावर आहे. आत अतिरेकी बसलेत, वर पोचायचं. भाचा समोरून गोळ्या झाडत गेला. मी मागच्या बाजूने खोक्यांवर चढून वर गेलो. तात्यांना बसवलं तर त्यांनी बंदुकीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "इथे आपला माणूस कोण आहे?" आणि धक्क्याधक्क्याने चालत निघाले. धक्क्यावर खरंच एक खबऱ्या उभा असतो, त्याच्याकडे मुख्य दाराची किल्ली असते. तीस वर्षांची तलाठ्याची नोकरी एका मिनिटात फळाला आली.

सध्या ते 'प्रे' खेळतात. म्हणजे शत्रूशी लढत नाहीत, नोंदी करतात. त्या स्थानकावरच्या एकूणएक कर्मचाऱ्याला नाव आहे, हुद्दा आहे, टेबल आहे, कुणाशी भांडण होतं ते आहे. चौकीतल्या कॉम्प्युटरवर नावावर बोट ठेवलं, की तो माणूस या क्षणी कुठे आहे, जिवंत की मेला, ते दिसतं. बहुतेक मेलेलेच. तात्यांनी जुन्या वहीत रकाने आखलेत आणि एकेकाला हुडकून खूण करतात. मी म्हटलं, "तात्या, याला मार्क नाहीत." ते म्हणाले, "सर, आपल्या तालुक्यातून दिवाळीच्या आगेमागे किती माणूस ऊस तोडायला जातो? नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणतात. अमक्या मुकादमाकडे इतके कोयते. मी एवढी वर्षं सात-बारा लिहिला, जमिनीच्या गुंठ्यागुंठ्याची नोंद केली, पण गेलेला कोयता आज कुठे आहे हे दाखवणारी वही मला कुणी दिली नाही." मी गप्प बसलो. 

ज्या आर्केन ऑस्टिनच्या लोकांनी ती वही केली, त्यांना मधल्या काळात 'रेडफॉल' नावाचा गोळीबाराचा खेळ करायला बसवलं गेलं. तो २०२३ ला आला आणि आपटला. मे २०२४ मध्ये मालकांनी, म्हणजे मायक्रोसॉफ्टने, ती शाखाच बंद केली. रीतवाल्या मुलाला गाइड पाठ करायला लावलं, तो नापास झाला आणि मग शाळेतून काढला.

काल रात्री तात्या नऊ वाजता आले. अकरा नावं सापडत नव्हती, त्यांतली चार सापडली. पाचव्याचा माग काढत ते स्थानकाच्या बाहेर अवकाशात गेले होते आणि तेवढ्यात आमच्या गल्लीतली लाइट गेली. अंधारात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तात्यांचा आवाज आला, "सर, पाचवा लिहून ठेवा. बाहेर, डाव्या हाताला. नाव नंतर सांगतो."